मचाणावर चढताय? आधी हात रिकामे करा

इंदूरहून महूकडे जाताना आमचं शेत, हरभऱ्यात नीलगाई घुसतात म्हणून कडुलिंबावर मचाण बांधलंय. मागच्या थंडीत मीच शिडीवरून घसरलो, पायरी दवाने ओली, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात थर्मास, मग धरायचं कशाने? अमेरिकेत हरणाच्या शिकारीला झाडावर स्टँड लावतात तिथेही लोक बरेचदा असेच चढता-उतरताना पडतात.

तर सामान नंतर दोरीने वर ओढा. चढताना दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय, तीन टेकू कायम. नुसता कमरेचा बेल्ट नको हं, पडलात तर पोटात रुततो, श्वास कोंडतो, खांद्या-मांड्यांतून जाणारा फुल बॉडी हार्नेस घ्या आणि जमिनीवरूनच झाडाला बांधलेल्या दोरीत अडकवा, वर पोचल्यावर नाही. लटकलात तर पाय हलवत राहा, रक्त पायात साचून माणूस बेशुद्ध पडू शकतो. मचाणाची सुतळी दर हंगामात बदला, वरून झकास दिसते पण आतून कुजलेली असते, आमची चुरगाळली तर भुगाच हातात आला.

कोणी पडलंच तर ओढून बसवू नका, पाणी पाजू नका, त्याची मान न हलवता १०८ लावा.