फुलोरा ओसरताना मधपेट्यांवरील काम: डंखापासून बचाव आणि डंखानंतरचे उपचार

फुलोरा भरात असताना पेटीचे झाकण काढले तरी कामकरी माश्या आपल्याच उद्योगात असतात आणि माणसाकडे फारसे लक्ष देत नाहीत. मकरंद आटू लागला की त्याच वसाहतीचा स्वभाव पालटतो. बाहेर काम न उरलेल्या वयस्क माश्या पेटीतच थांबतात, राखण्याजोगा मध आत भरलेला असतो आणि शेजारच्या वसाहती लुटीच्या शोधात घिरट्या घालत असतात. मध काढण्याचे काम बहुधा याच दिवसांत येत असल्यामुळे डंखांचे प्रमाण वाढते, आणि म्हणून या काळात मधपाळांनी कामाची पद्धत बदलणे आवश्यक आहे.

पेटी उघडण्यासाठी स्वच्छ उन्हाची, वारा नसलेली वेळ निवडावी. अशा वेळी वयस्क माश्यांपैकी पुष्कळशा बाहेर गेलेल्या असतात. ढगाळ, पावसाळी किंवा वादळी हवेत आणि अंधार पडल्यावर तपासणी करू नये. टंचाईच्या दिवसांत पेटी थोडाच वेळ उघडी ठेवावी, काढलेल्या चौकटी (पोळे बांधलेल्या लाकडी फळ्या) ओल्या कापडाने झाकाव्यात आणि मधाचा किंवा साखरपाकाचा थेंबही जमिनीवर सांडू देऊ नये. पाक द्यायचा असल्यास तो पेटीच्या आत आणि संध्याकाळी द्यावा. दुर्बळ वसाहतींचे प्रवेशद्वार एक-दोन माश्या जेमतेम जातील इतके अरुंद करावे. प्रवेशद्वारावर माश्या एकमेकींशी झटापट करताना दिसू लागल्या, तर लूट सुरू झाली असे समजून त्या दिवसाचे काम तेथेच थांबवावे. उरलेल्या चार चौकटींच्या लोभाने काम रेटण्यात शहाणपणा नाही.

धुराविषयी घाई नडते. धुराडे (माश्यांवर धूर सोडण्याचे हातातील भांडे) नीट पेटवून पांढरा, दाट आणि हाताला गार लागणारा धूर येऊ लागल्यावरच पेटीजवळ जावे. प्रवेशद्वारात दोन-तीन हलके झोत द्यावेत आणि एक-दोन मिनिटे थांबावे. धुरामुळे माश्या पोळ्यातील मध पोटात भरून घेऊ लागतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचा धोक्याचा गंध धुरात दबून जातो. डंख मारताना माशी जो गंध सोडते, त्यात आयसोअमाइल अॅसिटेट हे द्रव्य असते. त्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखा येतो. हा वास नाकाला जाणवला, तर आणखी माश्या चालून येणार आहेत हे ओळखावे. हातमोज्यावर किंवा कपड्यावर डंख बसला असेल, तर तेथेही धुराचा झोत द्यावा. असे न केल्यास त्याच जागी पुढचे डंख बसत राहतात.

कपडे फिकट रंगाचे, गुळगुळीत आणि सैल असावेत. गडद व लोकरीच्या कापडावर माश्या लवकर धावून येतात. जाळीचा बुरखा हनुवटीखाली उघडा राहिला नाही ना आणि पायजम्याची टोके मोज्यांत खोचली आहेत ना, हे दुसऱ्या व्यक्तीकडून पाहून घ्यावे. अत्तर व तीव्र वासाचे तेल टाळावे. पेटीसमोर, म्हणजे माश्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेत, उभे न राहता बाजूला किंवा मागे उभे राहावे. जवळ गवत कापण्याचे यंत्र चालू असेल, तर ते आधी बंद करावे. बांधलेली जनावरे आणि साखळीला असलेला कुत्रा यांना पळता येत नाही, म्हणून पेटी उघडण्यापूर्वी त्यांना दूर हलवणे हे सर्वांत दुर्लक्षित राहणारे, पण अत्यंत आवश्यक काम आहे.

माश्या अंगावर आल्याच, तर हात झटकू नयेत. शक्य असल्यास पेटी झाकावी, चेहरा झाकून झपाट्याने दूर जावे आणि खोलीत किंवा बंद वाहनात शिरावे. पाण्यात उडी मारू नये. डोके वर येईपर्यंत माश्या पाण्यावर घिरट्या घालत राहतात.

डंख बसल्यावर पहिली काही सेकंदे निर्णायक असतात. कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असल्याने ती कातडीत अडकते आणि माशी उडताना विषपिशवीसह तिच्या शरीरातून तुटून निघते. जवळून पाहिल्यास ही इवलीशी पिशवी माशी निघून गेल्यावरही आकुंचन पावताना दिसते, कारण तिला हलवणारे स्नायू आणि मज्जातंतूंची गाठ तिच्याबरोबरच राहिलेली असते. बहुतेक विष पहिल्या २० सेकंदांच्या आसपास शरीरात उतरते. नांगी चिमटीत धरू नये, ती खरवडूनच काढावी, असे पूर्वी आग्रहाने सांगितले जाई. परंतु काढण्याच्या पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा असल्याचे प्रयोगांतून दिसले आहे. त्यामुळे खरवडण्यासाठी पटाशी शोधत बसण्यापेक्षा नखाने ती तत्काळ उपटावी.

त्यानंतर पेटीपासून दूर जाऊन ती जागा साबणाने धुवावी आणि कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे लावावा. हाताला डंख असल्यास अंगठी व बांगड्या सूज येण्यापूर्वीच काढाव्यात. खाज व सूज यांसाठी सेटिरिझिनसारखी अॅलर्जीची गोळी किंवा सौम्य स्टेरॉइड मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येते. विष कातडीच्या आत गेलेले असल्यामुळे वरून सोडा, व्हिनेगर किंवा चिखल चोळून ते निष्प्रभ होत नाही. चिखलाने उलट जखमेत जंतू जाण्याचा धोका असतो. सूज साधारण दोन दिवस वाढते आणि काहींना १० सेंटिमीटरहून मोठी होऊन आठवडाभरही राहते. ही सूज बहुधा जंतुसंसर्गाची नसते, त्यामुळे स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत. डोळ्यात डंख बसल्यास तो न चोळता थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा. तोंडाच्या किंवा घशाच्या आत बसलेला एक डंखही श्वासमार्ग सुजवू शकतो, म्हणून रुग्णालय गाठण्यात वेळ दवडू नये.

खरा धोका संपूर्ण शरीराच्या अॅलर्जीचा, म्हणजे अॅनाफिलॅक्सिसचा आहे आणि त्याला एकच डंख पुरतो. डंखापासून दूर अंगभर गांधी उठणे, तळहातांना खाज सुटणे, ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप लागणे, उलट्या होणे, भोवळ येणे ही त्याची लक्षणे होत. कधी कातडीवर काहीच न दिसता थेट रक्तदाब कोसळतो. यावर पहिला उपाय अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच आहे. अॅलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. प्रौढांसाठी सामान्यतः ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम अॅड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिले जाते आणि आराम न पडल्यास ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा द्यावे लागू शकते. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. दम लागत असल्यास बसवावे, परंतु उभे करू नये आणि वाहनापर्यंत चालवत नेऊ नये, कारण अशा स्थितीत अचानक उभे केल्याने मृत्यू ओढवू शकतो. बरे वाटले तरी लक्षणे काही तासांनी उलटू शकतात, त्यामुळे रुग्णालयातील देखरेख टाळू नये.

अॅलर्जी नसतानाही असंख्य डंख बसल्यास विषाच्या मात्रेमुळेच स्नायू व मूत्रपिंडे यांना इजा होते, आणि ती काही वेळा एक-दोन दिवसांनी उघड होते. लघवीचा रंग गडद तपकिरी झाल्यास किंवा तिचे प्रमाण घटल्यास तातडीने तपासणी करावी. लहान मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत थोड्या डंखांनंतरही वैद्यकीय सल्ला घेणे हिताचे आहे.

"आम्हाला डंखांची सवय आहे" हे मधपाळाचे आवडते वाक्य असले, तरी त्यावर विसंबून राहणे योग्य नाही. वारंवार डंख सोसणाऱ्यांची सूज कमी होत जाते हे खरे. पण वर्षात मोजकेच डंख बसणाऱ्यांना, किंवा मोठ्या खंडानंतर पुन्हा काम सुरू करणाऱ्यांना, तीव्र प्रतिक्रिया येण्याचा संभव अधिक असतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषध घेणाऱ्यांवर अॅड्रेनॅलिनचा परिणाम कमी पडू शकतो. त्यांनी औषध परस्पर बंद न करता आपल्या कामाची कल्पना डॉक्टरांना द्यावी. एकदा तीव्र प्रतिक्रिया येऊन गेलेल्या व्यक्तीने अॅलर्जीतज्ज्ञांकडून तपासणी करून घेईपर्यंत पेट्यांवर काम करू नये. विषाची मात्रा हळूहळू वाढवत नेणारी लसचिकित्सा साधारण ३ ते ५ वर्षे चालते आणि बहुतेकांना चांगले संरक्षण देते, त्यामुळे व्यवसाय सोडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी तिचा विचार अवश्य करावा. अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन डॉक्टरांनी लिहून दिले असल्यास ते उन्हात तापलेल्या वाहनात न ठेवता कामाच्या पिशवीत सावलीत ठेवावे, त्यावरील मुदत हंगामाच्या सुरुवातीस पाहावी, आणि ते कसे टोचायचे हे सोबत काम करणाऱ्या व्यक्तीलाही शिकवून ठेवावे.