भग्न मध्ययुगीन किल्ला सहकुटुंब पाहताना

आत शिरण्याआधी तटाच्या कडेने बाहेरून एक फेरी मारावी. खंदक, बुरूज आणि प्रवेशद्वार यांची मांडणी एकदा लक्षात आली की आतील विखुरलेल्या भिंतींचा अर्थ मुलांनाही लागू लागतो. प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंना दगडात उभी खाच दिसली, तर तिच्यातून वरची जड जाळी खाली सोडली जात असे, हे मुलांना खाचेत बोट फिरवू देऊन सांगावे.

सर्वांत बोलके अवशेष मात्र भिंतींवर असतात. एका ओळीत दिसणारी चौकोनी भोके म्हणजे लाकडी तुळयांच्या जागा होत. जमीन नाहीशी होऊन भिंतीत अधांतरी राहिलेला शेकोटीचा कोनाडा दिसला की तेथे वरचा मजला होता हे ओळखावे, आणि मजले किती होते हे मुलांनाच मोजू द्यावे. पडझड नेहमी काळानेच झालेली नसते, हेही सांगायला हवे: इंग्लंडमधील कॉर्फ किल्ला 1646 मध्ये, राजा आणि संसद यांच्यातील यादवी युद्धात, संसदेच्या बाजूच्या सैन्याने मुद्दाम उद्ध्वस्त केला.

गोल जिन्याच्या पायऱ्या मधल्या खांबाकडे अरुंद होतात, म्हणून रुंद बाजूनेच चालावे; चढताना मोठ्या माणसाने मुलाच्या मागे आणि उतरताना पुढे राहावे. पावसानंतर हे दगड फार निसरडे होतात. भिंतींवर चढणे कटाक्षाने टाळावे, कारण झिजलेल्या चुन्यातील दगड आपल्या वजनाने निखळू शकतो. तान्ह्या बाळासाठी ढकलगाडीऐवजी अंगावर बांधायची झोळी घ्यावी.