बेडरूम-बाथरूमचं काम स्वतः करताय? मग आधी बाथरूम, रंग शेवटी

दोन्ही खोल्यांचं काम एकदम काढलं की बहुतेकांचा हात आधी बेडरूमच्या रंगाकडे जातो, कारण ते सोपं वाटतं आणि फरक लगेच दिसतो. तसं करू नका. बाथरूम अटॅच्ड असेल तर मधली भिंत एकच असते, आणि बेडरूमच्या बाजूला खाली वीतभर पट्ट्यात जो रंग फुगलेला असतो, पोपडे सुटलेले असतात, त्याचं मूळ बऱ्याचदा पलीकडच्या टाइल्सच्या जॉइंटमध्ये असतं. तिथलं पाणी न थांबवता इकडे कितीही भारी रंग लावा, पोपडे परत येणारच. म्हणून आधी पाण्याचं काम, मग वायरिंग, मग टाइल्स आणि रंग सगळ्यात शेवटी.

पहिलं काम म्हणजे ओल नक्की कुठून येतेय ते शोधणं, यात घाई नको. भिंतीच्या ओलसर भागावर दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून पक्कं चिकटवा आणि एक दिवस तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतून, म्हणजे भिंतीच्या बाजूने थेंब दिसले तर पाणी भिंतीतूनच येतंय. बाहेरून ओलसर लागलं आणि आत कोरडं असेल तर तो हवेतला दमटपणा, त्याला फोडाफोड लागत नाही, एक्झॉस्ट फॅन आणि उघडी खिडकी पुरते.

पाणी भिंतीतून येतंय असं ठरलं की पुढे तीन शक्यता. सगळे नळ बंद करा आणि पाण्याचा मीटर बघा (मीटर नसेल तर टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा), तरी काटा हलत असेल तर पाइप लीक आहे आणि ते प्लंबरचं काम. पाइप ठीक असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीचं भोक) कापड आणि प्लास्टिकने बंद करून फरशीवर इंच-दोन इंच पाणी भरा, पेन्सिलने पातळीची रेघ मारा, 24 तास ठेवा. पातळी चांगलीच खाली गेली तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलंय, आणि तशीच राहिली तर संशय शॉवरच्या भिंतीवर. खाली कुणी राहत असेल तर पाणी भरायच्या आधी त्यांना सांगून ठेवा, आणि त्यांच्या छतातून आधीच थेंब पडत असतील तर ही टेस्ट करूच नका.

आता टाइल्स फोडायच्या का नाही? चमच्याच्या दांड्याने किंवा नाण्याने एकेक टाइल वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर मागे मसाला सुटलाय, त्या टाइलवर खडूने फुली मारा. चार-पाच फुल्या इकडेतिकडे असतील तर तेवढ्याच काढून बदला. अर्धी भिंत फुल्यांनी भरली तर मात्र सगळ्या काढाव्या लागतील. माझं स्पष्ट मत, टाइल्स घट्ट असतील आणि फक्त जुनाट दिसतात म्हणून त्या फोडू नका, जॉइंट नवीन भरले तरी बाथरूमचा अर्धा कायापालट होतो आणि ते काम कुणालाही जमतं.

जॉइंट असे भरा. ग्राउट (टाइल्सच्या जॉइंटमध्ये भरलेला मसाला) खरवडायचं छोटं पातं मिळतं त्याने जुनं ग्राउट निदान 2-3 मिमी खोल काढा, वरवर घासून त्यावरच नवीन लेप दिला तर तो पापुद्र्यासारखा निघून येतो. पातं टाइलच्या कडेला लागू न देता मधोमध ओढायचं, नाहीतर टाइलवरच्या चकचकीत थराचे टवके उडतात. धूळ ब्रशने आणि मग ओल्या फडक्याने काढा, पूर्ण वाळू द्या. ग्राउट रबरच्या फ्लोटने (सपाट थापीने) जॉइंटला तिरकं ओढत दाबून भरा (सरळ रेषेत ओढलं की भरलेलं परत खरवडून निघतं), थोड्या वेळाने चांगला पिळलेला स्पंज फिरवा. स्पंज ओला गच्च असेल तर ग्राउटचा रंग फिका पडतो, ठिपके येतात. शॉवरच्या भागात इपॉक्सी ग्राउट वापरणं उत्तम, पण ते पटकन आवळतं म्हणून थोडं थोडंच कालवा आणि टाइलवर लागलेलं तिथल्या तिथे पुसा, वाळल्यावर जीव खाल्ला तरी निघत नाही. भिंत आणि फरशी मिळते तो कोपरा, कमोडच्या खालची कड, बेसिन आणि भिंतीमधली फट, इथे ग्राउट नाही तर सिलिकॉन सीलंट, कारण या जागा थोड्या हलतात आणि ग्राउटला तडा जातो.

आणि हो, टाइल्स चकचकीत करायला अ‍ॅसिड ओतायची सवय असेल तर ती आजपासून बंद. अ‍ॅसिड सिमेंटचं ग्राउट खाऊन टाकतं, तिथूनच पाणी आत शिरतं. अ‍ॅसिड आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

टाइल्स पूर्ण काढणार असाल तर आधी मेन कॉक बंद, एमसीबी बंद, गॉगल आणि मास्क घाला, बेडरूमच्या दाराला प्लास्टिक लावा. भिंतीतल्या पाइपला नवीन फिटिंग बसवणं, गिझरची वायर, अर्थिंग, हे ज्याला येतं त्यालाच करू द्या, बाथरूमच्या लाइनवर 30 मिलिअँपियरचं आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारं स्विच) आहे का ते त्याच वेळी विचारा. आणि पाइप झाकायच्या आधी त्यात प्रेशर देऊन टेस्ट करायला लावा. सगळं प्लास्टर झाल्यावर लीक सापडलं तर काय होतं ते सांगायला नको.

मग उतार. फरशीचा ढाळ ट्रॅपकडे दर मीटरला साधारण 1 ते सव्वा सेंटीमीटर हवा. याहून कमी असला की पाणी कोपऱ्यात साचतं, फार जास्त केला तर पायाला विचित्र लागतं. मग भिंत-फरशीच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा (काटकोनाऐवजी गोलाई) करून घ्या म्हणजे वॉटरप्रूफिंग तिथे दुमडत नाही. वॉटरप्रूफिंगचं पावडर आणि लिक्विड असं दोन भागांचं कोटिंग सोपं पडतं. पृष्ठभाग ओलसर करा पण पाणी साचलेलं नको, कोपऱ्यात आणि पाइपभोवती फायबरची जाळी दाबा, पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. भिंतीवर निदान फूटभर वर, शॉवरच्या जागी सहा फूट. आणि पूर्ण वाळल्यावर तीच 24 तासांची पाण्याची टेस्ट परत. टाइल्स लावायची घाई सगळ्यांना असते, पण हा एक दिवस वाचवून काही मिळत नाही.

टाइल्स घेताना 10 टक्के जास्त घ्या आणि सगळ्या बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना बघा, नाहीतर उजेडात दोन रंग दिसतात. फरशीला मॅट किंवा अँटिस्किड. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, त्यामुळे तिला साध्या सिमेंटवर नीट पकड मिळत नाही, तिला टाइल अ‍ॅडेसिव्हच हवं. दातेरी थापीने अ‍ॅडेसिव्ह एकाच दिशेने ओढा, टाइल दाबून किंचित पुढेमागे सरकवा आणि सुरुवातीला एखादी लगेच उचलून मागे बघा, सगळीकडे मसाला लागलेला दिसला पाहिजे, फक्त मधे गोळा दिसला तर ती टाइल उद्या पोकळ वाजणार. दोन टाइल्समध्ये फट सारखी राहायला 2-3 मिमीचे स्पेसर. ग्राउट दुसऱ्या दिवशी.

टाइलवर हुक, आरसा बसवायला भोक पाडताना खुणेवर मास्किंग टेप लावा म्हणजे बिट घसरत नाही, आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा. स्विचबोर्डच्या किंवा नळाच्या सरळ वर-खाली भोक नको, आतून लाइन तिथूनच गेलेली असते.

एवढं झालं की बेडरूम. ओलीचा उगम बंद झाला तरी भिंत लगेच वाळत नाही, फॅन लावून ठेवा, प्लास्टिकची टेस्ट परत करून कोरडी आली तरच पुढे जा. फुगलेला भाग घट्ट प्लास्टर लागेपर्यंत खरवडा. घर जुनं असेल तर आधीच्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासायचं नाही, भिंत ओली करून घासा, चांगला मास्क लावा आणि मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा. तडे व्ही आकारात थोडे रुंद करून भरा, मग पुट्टीचे दोन पातळ हात, जाड एक हात नको, तो तडकतो. वाळल्यावर पॉलिश पेपर मारताना टॉर्च भिंतीला चिकटून तिरका धरा, जे खड्डे दिवसा दिसत नाहीत ते सगळे सावलीत उठून दिसतात. धूळ पुसली की प्रायमर.

रंग किती लागेल? खोली 12 बाय 10 आणि उंची 10 फूट असेल तर चार भिंतींची लांबी 44 फूट, गुणिले 10 म्हणजे 440 चौरस फूट, दार-खिडकीचे 40 वजा करा, 400 राहिले. छत वेगळं, 120. डब्यावर लिटरला किती चौरस फूट ते लिहिलेलं असतं, पण ते एका हाताचं की दोन हातांचं ते नीट वाचा. शेड निवडताना कार्डावर विसंबू नका, दोन फूट बाय दोन फुटाचा पट्टा मारून सकाळी आणि रात्री दिव्यात बघा.

आधी छत, मग भिंती, दार-खिडक्या शेवटी. कडा ब्रशने घ्या आणि त्या ओल्या असतानाच रोलर चालवा, नाहीतर भिंतीभोवती फ्रेम केल्यासारखा पट्टा दिसतो. एक भिंत सुरू केली की संपवूनच चहा. मास्किंग टेप शेवटचा हात थोडा ओलसर असतानाच काढा.

सामान आत नेताना कपाट बाथरूमच्या भिंतीला अगदी खेटून लावू नका, दोन इंच जागा सोडा, हवा खेळते आणि ओल परत आलीच तर लवकर कळते. सिलिकॉनला निदान 24 तास पाणी लागू द्यायचं नाही, तोवर अंघोळीची सोय दुसरीकडे बघा. उरलेल्या टाइल्स परत करू नका, तीच शेड दोन वर्षांनी मिळेलच असं नाही. रंगाचा शेड कोड मात्र डब्यावरच राहू देऊ नका, डबा टाकला जातो, कोड स्विचबोर्डच्या कव्हरच्या आत लिहिता येईल पण त्यासाठी परत मेन बंद करावं लागेल, त्यापेक्षा कपाटाच्या दाराच्या आत लिहा.