मृगाआधी लव्हाळ्याची गाठ काढा, खत मागाहून घाला

वळीव होऊन आठवडा झाला असेल तर आजच अंगणात उतरा, गुडघ्यावर बसा आणि हिरवळ जवळून बघा. हरळीच्या वर दोन-तीन बोटं उंच, जरा जास्तच चकाकणारी पाती दिसतात का? वरून पाहिलं तर ती तीन दिशांना फुटलेली असतात. फुलोऱ्याचा दांडा आला असेल तर तो चिमटीत फिरवा. गोल फिरला तर गवत, बोटाला तीन कडा लागल्या तर लव्हाळा हे तण. आपले कानडी शेजारी त्याला जेकू म्हणतात.

मृग ७-८ जूनला लागतो. त्याआधी हाताशी आहेत ते दोन-तीन आठवडे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे आर्द्रा लागली की महिना-दीड महिना माती सुकत नाही, आणि लव्हाळ्याची मातीखालची गाठ ओल्या मातीतून वर काढली तरी मरत नाही. बेळगाव शहरातही फार वेगळं नसतं. अथणी, रायबागकडे पाऊस कमी, तिथं थोडी सवड मिळते. पण सवड आहे म्हणून पुढं ढकललं की राहूनच जातं, हेही पाहिलंय.

एकच चूक मी वर्षानुवर्षं बघत आलोय. उसात बघितली, रताळ्याच्या रानात बघितली, आता बंगल्यांच्या हिरवळीत बघतोय. भांगलणीला बाया लावायच्या, लव्हाळ्याचा पाला उपटायचा, रान आरशासारखं दिसलं की समाधान मानायचं आणि लगेच युरिया फेकायचा. दहाव्या दिवशी लव्हाळा पहिल्यापेक्षा दाट. मग दुकान, मग औषध, मग दुसरं औषध. गाठ मात्र कुणीच काढलेली नसते.

परवा गणेशपूरकडे एका घरी बोलावणं आलं. नवी हिरवळ, बसवून तीन महिने झालेले, आणि मधोमध लव्हाळ्याचे तीन कोंब. घरच्या मावशी म्हणाल्या, "तीनच तर हैत, उपटून टाकते की." मी कुदळ मागितली. वीतभर खोल खणून ढेकूळ बादलीत धुतलं. तीन कोंबांखाली चौदा गाठी निघाल्या, तारेसारख्या काळ्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या. सुपारीहून लहान, काळपट, वर केसाळ साल. नखानं खरवडली की आत पांढरी, आणि वास थेट दिवाळीच्या उटण्याचा. उटण्यातला नागरमोथा तो हाच. मावशींनी वास घेतला आणि मग स्वतःच कुदळ धरली.

उपटून हा जात का नाही, ते एकदा समजून घ्या. माळेतल्या सगळ्या गाठी एकदम उगवत नाहीत. टोकाची उगवते आणि मागच्यांना दाबून धरते. पाला उपटला किंवा माळ तुटली की दाब सुटतो आणि झोपलेल्या गाठी जाग्या होतात. एकेका गाठीवर डोळेही अनेक असतात, एक कोंब मोडला की दुसरा निघतो. कोंब वर आल्यापासून तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात. म्हणून पंधरा दिवसांनी गाठीसकट काढणं आणि दीड महिन्यानं काढणं यात फार अंतर आहे. याचा कोंब प्लॅस्टिकचा कागदसुद्धा भोसकून वर येतो.

आता काय करायचं ते.

हिरवळ जुनी असेल आणि लव्हाळा तुरळक असेल तर प्रत्येक कोंबाभोवती वीतभर रुंद, वीतभर खोल खणा. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये असतात, काही त्याखालीही जातात. माती घमेल्यात घेऊन हातानं चाळा, एकेक गाठ वेचा आणि मातीच परत भरा. वळवाच्या दुसऱ्या दिवशी माती भुसभुशीत असते, तेव्हा माळ अखंड निघते. कोरड्या मातीत ओढलं तर ती तुटते. पुढचे दोन महिने दर दहा-बारा दिवसांनी फेरा घाला. हा फेरा चुकवू नका.

हिरवळ नव्यानं बसवणार असाल तर घाई करू नका, हे मी हात जोडून सांगतो. ट्रॉलीतून आलेली तांबडी माती, त्याच आठवड्यात अंथरलेला गवताचा गालिचा आणि त्यावर पाणी, हे लव्हाळ्याचं रोप लावणंच आहे. उसाच्या रानातली वरची माती असेल तर गाठी आल्याच म्हणून समजा. माती उतरवून घेण्याआधी घमेलंभर वेगळी काढा, ओली करा, ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवा आणि बारा-पंधरा दिवस बघा. कोंब आले तर ती माती परत पाठवा. जागा तयार झाल्यावरही आधी पाणी सोडा, तण उगवू द्या, गाठीसकट खणून काढा, पुन्हा पाणी द्या, पुन्हा काढा. असे दोन फेरे झाले की मगच गवत. गवताचे तुकडे विकत घेतानाही खालची माती पालथी करून बघा, गाठ तिथूनही येते.

जागा फारच लव्हाळ्यानं भरलेली असेल तर माझा सल्ला लोकांना आवडत नाही, तरी सांगतो. यंदा हिरवळ नको. मृगात दाट ताग पेरा आणि फुलावर आला की मातीत गाडा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, तागाखाली तो खुरटतो. दसऱ्यानंतर राहिलेल्या गाठी खणा आणि मग गवत लावा. एका पावसाळ्यात सगळा जातो असं म्हणत नाही, पण निम्म्याहून अधिक काम हलकं होतं असा माझा अनुभव आहे.

बाकी तणांचं थोडक्यात:

– गाजर गवत: फुलाआधी मुळासकट, हातमोजे घालून. फूल आलेलं असेल तर झटकू नका.
– केना: तुकडा राहिला तरी रुजतो, पाटीत भरून बाहेर न्या.
– घोळ: उपटून तिथंच टाकू नका, पुन्हा मूळ धरते.
– आंबुशी, नायटी: खुरप्यानं, बी धरण्याआधी.
– लाजाळू: कोवळी असताना, काटे धरण्याआधी.

कापणीचं:

– पात्याची धार बघून घ्या.
– एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका.
– उन्हाळ्यात आणि झाडाखाली उंच ठेवा.
– ओल्या गवतावर यंत्र नको.
– लव्हाळा बियांना आलेल्या भागाची कापणी वेगळी गोळा करा.

आता खत. गाठी काढून किमान एक फेरा झालेला नसेल तर खताला हात लावू नका. हिरवळीपेक्षा लव्हाळा ते आधी खातो.

एका गुंठ्याला, म्हणजे साधारण १०० चौरस मीटरला, एका वेळी अर्धा किलो युरिया पुरे. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे अर्ध्या किलोत २३० ग्रॅम नत्र जातं. चाळलेल्या कोरड्या मातीत किंवा गांडूळखतात मिसळा, पानं कोरडी आणि माती ओली असताना सारखं फेका आणि लगेच पाणी द्या. पानावर दव असताना फेकलं की ठिपके जळतात. एक हप्ता मृगाच्या पहिल्या सरींनंतर उघडीप बघून, दुसरा पावसाचा जोर ओसरल्यावर, तिसरा दसऱ्याच्या सुमारास. आर्द्रा ते आश्लेषा झडीत टाकलेलं नत्र पाण्याबरोबर गटारात जातं. थंडीत हरळी थांबते, तेव्हा खतही थांबवा. स्फुरद-पालाश मातीची तपासणी करून ठरवा. मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या रयत संपर्क केंद्रात विचारा. खानापूर बाजूच्या तांबड्या आम्ल मातीला कधी चुना लागतो, अथणीच्या चुनखडीच्या काळ्या मातीला तोच चुना घातक. एकच पुडी दोन्ही गावांना विकणाऱ्याचं ऐकू नका.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. मुठीत दाबलं की शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे. त्यातून तणाचं बी येतं, आणि हुमणीही, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी. हिरवळ जागोजाग पिवळी पडली आणि ओढली की चटईसारखी उचलली गेली तर खाली पांढऱ्या अळ्या शोधा.

काळ्या मातीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. लोक तिथं युरिया वाढवतात, पिवळेपणा जात नाही. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. फरशीवर उडू देऊ नका, डाग जात नाही.

'लॉन स्पेशल' म्हणून रंगीत दाणे छोट्या पिशवीत मिळतात. विकत घेण्याआधी पिशवीवरचे तीन आकडे वाचा: नत्र, स्फुरद, पालाश. किलोला किती नत्र मिळतं आणि त्याचे किती पैसे जातात, याचा हिशेब दुकानातच करा. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याशी ताडून बघितलंत की पिशवी बहुधा तुम्ही खाली ठेवाल.

तणनाशकाबद्दल मला जपून बोलायचंय. दोन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका घरी दुकानदारानं ग्लायफोसेट दिलं, "लॉनवर चालतंय" म्हणून. दहा दिवसांत तण आणि हिरवळ दोन्ही पिवळी. श्रावणात लव्हाळा परत आला, हिरवळ आली नाही. ग्लायफोसेट हिरवं ते सगळं मारतं. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांमार्फतच वापरायचं असं ठरवलं. घरी पंप घेऊन मारायची ती गोष्ट नव्हे. टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक रुंद पानाच्या तणांवर चालतं, पण वाऱ्यानं त्याची वाफ शेजारच्या टोमॅटो, वांगी, द्राक्षावर गेली की पानं वळून जातात. घरच्या हिरवळीला खुरपं पुरतं.

लव्हाळ्यावर खरोखर चालणारं एक औषध आहे, हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के. लेबलवर ते ऊस-मक्यासाठी आहे, एकरी ३६ ग्रॅम. एकर म्हणजे ४० गुंठे, तेव्हा गुंठ्याला ०.९ ग्रॅम, चार लिटर पाण्यात. हिरवळीसाठी लेबलवर शिफारस नाही, म्हणून वापरण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात विचारा आणि आधी कोपऱ्यातल्या दोन हात जागेवर मारून बघा. चमच्यानं अंदाज करू नका, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वापरा. लव्हाळा चार-पाच पानांवर असताना मारा, आधी-नंतर दोन दिवस कापणी नको, चार तास पाऊस नको. नव्यानं बसवलेल्या गवतावर अजिबात नको. पिवळं पडायला एक-दोन आठवडे लागतात, तेवढ्यात घाबरून दुसरा फवारा घेऊ नका. फवारलेलं गवत गाईला घालू नका. त्या हिरवळीतल्या दूर्वा यंदा गणपतीला वाहू नका, मुलांच्या हातातून त्या घरात येतात. हे औषधसुद्धा सगळ्या गाठी मारत नाही. मागं राहिलेल्या कुदळीनंच काढाव्या लागतात.

मीठ टाकायचा उपाय गावोगाव सांगतात. माती खारट होते, तो करू नका.

आणि काढलेल्या गाठी उकिरड्यावर टाकू नका, पुढच्या वर्षी शेणखतातून त्या परत येतील. पत्र्यावर एकेरी थरात पसरा, कडक ऊन असेल तर दोन आठवडे राहू द्या, वळीव आला की झाका. फोडली तर आत लाकडासारखी कोरडी लागली पाहिजे. ऊन मिळालं नाही तर सरळ अंघोळीच्या बंबात घाला. गणेशपूरच्या मावशींनी त्या चौदाही तशाच जाळल्या, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की कुंपणाकडे आणखी पाच कोंब सापडलेत, कुदळ घेऊन बसले आहे.