कस्टम व्ह्यू बिघडला तर दोष कुठे शोधायचा: तालुका निवडण्याच्या पट्टीचे उदाहरण

समजा, गोव्यातल्या एखाद्या सेवेसाठी मराठी ॲप तयार होत आहे. फॉर्ममध्ये तालुका निवडण्यासाठी आडवी सरकणारी पट्टी हवी आहे: पेडण्यापासून काणकोणापर्यंत 12 नावे, प्रत्येक नाव गोलसर चौकटीत, बोट लावले की चौकट रंगते. तयार कंट्रोल मनासारखा दिसत नाही म्हणून अँड्रॉइडच्या व्ह्यू वर्गातून स्वतःचा कस्टम व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचा स्वतः घडवलेला घटक, लिहिला जातो. एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या आभासी फोनवर, तो छान चालतो. खऱ्या फोनवर मात्र कधी दिसतच नाही, कधी अर्धा दिसतो, कधी बोटाला दाद देत नाही.

अशा वेळी कोड इकडेतिकडे बदलत बसण्याआधी बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवा. टप्पे पाच: तयार होणे, मोजमाप, चित्रण, स्पर्श आणि स्थिती जपणे. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘शो लेआउट बाउंड्स’ चालू करा, म्हणजे प्रत्येक व्ह्यूभोवती त्याच्या जागेची चौकट दिसते. पट्टीभोवती ती चौकटच दिसत नसेल तर दोष मोजमापात. चौकट आहे पण आत काही नाही, तर चित्रणात. सगळे दिसते पण हलत नाही, तर स्पर्शात.

ॲप उघडताच ‘एरर इन्फ्लेटिंग क्लास’ म्हणत कोसळले, तर आधी कन्स्ट्रक्टर, म्हणजे व्ह्यू तयार करणारे फंक्शन, पाहा. एक्सएमएलमधून, म्हणजे स्क्रीनची मांडणी लिहिलेल्या फाइलमधून, व्ह्यू तयार होण्यासाठी कॉन्टेक्स्ट आणि ॲट्रिब्यूट-सेट असे दोन पॅरामीटर घेणारा कन्स्ट्रक्टर लागतोच. कोटलिनमध्ये जेव्हीएम-ओव्हरलोड्स (डीफॉल्ट किमतींवरून वेगवेगळे कन्स्ट्रक्टर बनवणारी खूण) लावून काम भागते, पण बटणासारख्या तयार वर्गावरून व्ह्यू बनवताना तिसऱ्या, शैलीच्या पॅरामीटरची डीफॉल्ट किंमत 0 ठेवली, तर मूळ बटणाची थीममधली शैली गळून पडते.

मोजमाप

आकार ठरवणारा ऑनमेझर लिहिलाच नाही, तर रॅप-कंटेंट (मजकुरापुरता आकार) दिलेली पट्टी मिळेल तेवढी सगळी उंची घेते आणि खालचे रकाने स्क्रीनबाहेर ढकलते. तीच पट्टी उभ्या स्क्रोल-व्ह्यूमध्ये ठेवली तर उलटे घडते: उंची 0 होते आणि पट्टी गायब. दोन्हींचे कारण एकच. डीफॉल्ट मोजमाप ॲट-मोस्ट या प्रकारात दिलेली कमाल मर्यादा घेते आणि अनस्पेसिफाइड, म्हणजे मर्यादा नसलेल्या, प्रकारात किमान आकार, म्हणजे बहुधा 0. उपाय असा: मजकुराची उंची, वरखालचे पॅडिंग आणि चौकटीची जागा मिळवून हवी ती उंची काढा, ती रिझॉल्व्ह-साइझला द्या आणि येणारे उत्तर सेट-मेझर्ड-डायमेन्शनला सोपवा. हे शेवटचे विसरलात तर ॲप लगेच कोसळते, त्यामुळे ती चूक निदान लपून तरी राहत नाही.

कन्स्ट्रक्टरमध्ये रुंदी विचारू नका, तिथे ती 0च असते. चौकटींचे आयत ऑन-साइझ-चेंज्डमध्ये काढा. यादी बदलल्यावर आकारही बदलणार असेल तर रिक्वेस्ट-लेआउट (पुन्हा मोजा) आणि इनव्हॅलिडेट (पुन्हा काढा) दोन्ही बोलवा. फक्त रंग बदलायचा असेल तर एकटे इनव्हॅलिडेट पुरते.

मराठी मजकूर

इंग्रजी नावांवर तपासलेले कंट्रोल इथे हमखास अडखळतात, म्हणून या भागाला वेळ द्या. तपासणीसाठी आपल्या तालुक्यांचीच नावे उत्तम. ‘बार्देश’मध्ये रफार आणि मात्रा एकाच अक्षरावर आहेत, ‘सासष्टी’त जोडाक्षरावर वेलांटी, ‘फोंडा’त मात्रेसोबत अनुस्वार, ‘मुरगाव’मध्ये खाली उकार. ‘केपे’ सर्वांत आखूड, ‘धारबांदोडा’ सर्वांत लांब.

पहिला दोष: रफार किंवा मात्रा वरून कापली जाते. पेंटकडून (चित्रणाचा रंग आणि फॉन्ट धरणारी वस्तू) मिळणारे फॉन्ट-मेट्रिक्स, म्हणजे अक्षरांच्या उंचीची मापे, तुम्ही लावलेल्या मूळ फॉन्टचे असतात. त्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर अक्षरे दुसऱ्याच, पर्यायी फॉन्टमधून काढली जातात आणि ती जास्त उंच असू शकतात. उंची एका फॉन्टची, अक्षरे दुसऱ्याची, म्हणून कापाकापी. उपाय दोन. देवनागरी असलेला फॉन्ट ॲपसोबतच द्या, म्हणजे मोजमाप आणि चित्रण एकाच फॉन्टवर होईल. किंवा मजकूर स्टॅटिक-लेआउटने मांडा आणि पर्यायी फॉन्टची ओळ-उंची धरण्याचा पर्याय चालू करा. तो एपीआय 28पासून, म्हणजे अँड्रॉइड 9पासून, आहे. आम्ही पहिला मार्ग सुचवू, कारण मग सगळ्या फोनांवर अक्षरे सारखीच दिसतात.

दुसरा दोष: जोडाक्षरे फुटतात. मजकूर एकेक कॅरेक्टर घेऊन काढला की ‘सत्तरी’तला ‘त्त’ सुटा होतो आणि हलन्त दिसू लागतो. ‘बार्देश’मध्ये डोळ्यांना 3 अक्षरे दिसतात, पण स्ट्रिंगची लांबी 7 भरते. म्हणून लांबीवरून रुंदीचा अंदाज बांधू नका आणि सबस्ट्रिंगने शब्द तोडू नका. पूर्ण शब्द मेझर-टेक्स्टला द्या, पूर्ण शब्दच ड्रॉ-टेक्स्टला द्या. नाव मावत नसेल तर टेक्स्ट-युटिल्सच्या एलिप्साइझने आखूड करा.

तिसरी गोष्ट अक्षरांच्या आकाराची. एसपीचे (अक्षरांच्या आकाराचे एकक) पिक्सेल करताना स्केल्ड-डेन्सिटीने गुणण्याची जुनी सवय सोडा. अँड्रॉइड 14पासून अक्षरे 200 टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात आणि ती वाढ सरळ प्रमाणात नसते. टाइप्ड-व्हॅल्यूचे अप्लाय-डायमेन्शन वापरा आणि सेटिंग्जमध्ये सर्वांत मोठी अक्षरे ठेवून ‘धारबांदोडा’ चौकटीत बसतो का पाहा.

स्पर्श

बोट टेकले, पण पुढे काहीच घडत नाही? ऑन-टच-इव्हेंटने ॲक्शन-डाउनला, म्हणजे बोट टेकण्याच्या घटनेला, ट्रू परत केले आहे का पाहा. फॉल्स दिले की त्या स्पर्शाच्या पुढच्या घडामोडी तुमच्याकडे येतच नाहीत.

पट्टी थोडी सरकून अडकते आणि पान वरखाली होऊ लागते, तेव्हा बाहेरच्या स्क्रोल-व्ह्यूने स्पर्श हिसकावलेला असतो. आडवी हालचाल टच-स्लॉपच्या (सरकणे मानण्याआधीची किमान हालचाल) पुढे गेली आणि उभ्या हालचालीपेक्षा जास्त भरली, की पालक व्ह्यूवर रिक्वेस्ट-डिसअलाऊ-इंटरसेप्ट-टच-इव्हेंट ट्रू करा. स्लॉपची किंमत हाताने लिहू नका, व्ह्यू-कॉन्फिगरेशनकडून घ्या. आणि ॲक्शन-कॅन्सल, म्हणजे स्पर्श काढून घेतल्याची सूचना, हाताळा, नाहीतर दाबलेल्या रंगाची चौकट तशीच रंगलेली राहते.

‘फोंडा’वर बोट ठेवले आणि ‘डिचोली’ निवडले गेले, तर स्पर्शाच्या एक्समध्ये स्क्रोल-एक्स (पट्टी किती सरकली ते अंतर) मिळवायचे राहिले आहे. चित्रण सरकते, स्पर्शाचे निर्देशांक मात्र व्ह्यूच्या कडेपासूनच मोजले जातात.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे फोन ओल्या हातांनीच वापरले जातात. स्क्रीनवरचा थेंब फोनला दुसरे बोट वाटू शकतो आणि मग पट्टी उडी मारते. ॲक्शन-डाउनला पॉइंटर-आयडी, म्हणजे त्या बोटाचा क्रमांक, लक्षात ठेवा, पुढे फाइंड-पॉइंटर-इंडेक्सने तोच शोधा, आणि उत्तर -1 आले तर ती हालचाल सोडून द्या. स्पर्शाची जागा किमान 48 डीपी (स्क्रीनच्या घनतेवर न अवलंबणारे एकक) ठेवा. डेव्हलपर ऑप्शन्समधले ‘पॉइंटर लोकेशन’ चालू केले की कुठले बोट कुठे नोंदले गेले ते समोर दिसते.

स्थिती जपणे

पणजीहून मडगावला जाणाऱ्या बसमध्ये कोणी फॉर्म भरत आहे, मध्येच फोन आडवा झाला, आणि निवडलेला तालुका गेला. व्ह्यूला आयडी नसेल तर त्याची स्थिती जपलीच जात नाही. आयडी देऊन ऑन-सेव्ह-इन्स्टन्स-स्टेट लिहा. याहून फसवा प्रकार म्हणजे जन्माचा तालुका आणि राहण्याचा तालुका अशा दोन पट्ट्या असणे. पट्टी अनेक उपव्ह्यूंची बनलेली असेल आणि दोन्हींतल्या उपव्ह्यूंचे आयडी तेच असतील, तर फोन फिरवल्यावर दोन्हीकडे एकच तालुका दिसतो. डिस्पॅच-सेव्ह-इन्स्टन्स-स्टेटमधून डिस्पॅच-फ्रीझ-सेल्फ-ओन्ली बोलवा, परत भरतानाही त्याचीच जोडी वापरा, आणि उपव्ह्यूंची स्थिती पट्टीने स्वतः जपावी. डेव्हलपर ऑप्शन्समधले ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करून दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत या. हा दोष लगेच उघडा पडतो.

सरकताना पट्टी अडखळत असेल तर चित्र काढणाऱ्या ऑनड्रॉमध्ये नवा पेंट किंवा आयत तयार होत नाही ना, ते पाहा. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात. व्ह्यू-ग्रुपवरून (इतर व्ह्यू सामावणारा वर्ग) बनवलेल्या कंट्रोलचा ऑनड्रॉ चालतच नसेल तर सेट-विल-नॉट-ड्रॉ फॉल्स करा.

टॉकबॅकला, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीला, मात्र अशी हाताने काढलेली पट्टी एकच ठोकळा वाटते, 12 नावे त्याला दिसतच नाहीत. एक्सप्लोअर-बाय-टच-हेल्पर जोडून प्रत्येक चौकटीला नाव आणि जागा द्या. मग टॉकबॅक चालू करून पट्टीवर बोट फिरवा: बाराही नावे क्रमाने ऐकू यायला हवीत आणि निवडलेल्या नावाला ‘निवडले’ अशी जोड मिळायला हवी. ती जोड येत नसेल तर त्या आभासी नोडवर (टॉकबॅकसाठीची त्या चौकटीची नोंद) सिलेक्टेड ट्रू करायचे राहिले आहे.