झापल्यावरही फोन करायचाच: वॉर्डात नव्याने येणाऱ्यांसाठी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग करून पहिल्यांदा ड्युटीवर येणाऱ्या मुली सुरुवातीला सिरिंज पंप, इंडेंट (औषधं-सामानाची मागणी), रजिस्टरं यांच्याबद्दल विचारतात. थोडे दिवस गेले की प्रश्न बदलतो. "सिस्टर, सर काल राउंडला सगळ्यांसमोर टाकून बोलले. आता रात्री काही झालं तर त्यांना फोन कसा करू?"

यावर वॉर्डात ठरलेलं उत्तर मिळतं: एका कानाने ऐकायचं, दुसऱ्या कानाने सोडून द्यायचं. सांगणाऱ्यांच्या मनात मायाच असते. पण सर्जिकल वॉर्डात आणि आयसीयूत इतकी वर्षं काढल्यावर मला हे उत्तर अपुरं वाटतं. ते फक्त तुमच्या मनाचा विचार करतं. झापण्याचा परिणाम पेशंटपर्यंत कसा पोचतो, हे त्यात कुठेच येत नाही.

तो पोचतो, हे तपासून पाहिलेलं आहे. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ टीम घेऊन एक प्रयोग झाला. तो २०१५ साली 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला. सगळ्यांना सरावासाठी एकच बनावट प्रसंग दिला होता: कमी दिवसांचं बाळ, आतड्याचा गंभीर आजार, तब्येत झपाट्याने खालावतेय. काही टीमना बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने तिथल्या वैद्यकीय सेवेबद्दल उर्मट शेरे ऐकवले, बाकीच्यांशी तो साधं बोलला. आरडाओरडा नव्हता, त्यांच्या हातातल्या कामावर टीकाही नव्हती. तरीही ज्यांनी ते शेरे ऐकले, त्यांचं निदानही कच्चं पडलं आणि हातातलं कामही. कारण शोधलं तेव्हा दिसलं की ती माणसं एकमेकांना माहिती सांगेनाशी झाली होती आणि मदत मागेनाशी झाली होती.

दुसरा प्रयोग २०१९ चा, अमेरिकेतला. भूल देण्याचं शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांना सरावातल्या ऑपरेशनमध्ये लपलेला रक्तस्राव ओळखायचा होता. सर्जन नीट वागला तेव्हा सुमारे ९१ टक्के डॉक्टर अपेक्षित पातळीला उतरले, तो उद्धट वागला तेव्हा सुमारे ६४ टक्के. मला यात सगळ्यात भीतीदायक वाटलं ते पुढचं: आपलं काम घसरलंय हे त्यांचं त्यांना कळलंच नव्हतं. म्हणून "मला काही फरक पडत नाही" असं कुणी म्हणालं, अगदी मनापासून म्हणालं, तरी त्यावर विसंबू नका.

आता हे आपल्या वॉर्डात कसं घडतं ते बघा. रात्रीचे अडीच. संध्याकाळी आतड्याचं ऑपरेशन झालेला पेशंट. नाडी ९६ ची १२४ झालीय, दोन तासांत लघवी जेमतेम २० मिली, हातपाय गार. ड्रेसिंग कोरडं आहे. बीपी १०४/७०, म्हणजे कागदावर ठीक. पोटात रक्त साठत असेल तर बीपी अगदी शेवटी पडतं. त्याआधी नाडी बोलते, लघवी बोलते. ज्या सिस्टरला दहा वाजता "एवढ्यासाठी फोन करतेस?" असं ऐकावं लागलंय, ती आता काय करते? अर्ध्या तासाने परत बघू म्हणते. बीपी ९० च्या खाली गेलं की मग फोन करीन, म्हणजे कुणी बोलणार नाही. तो अर्धा तास पेशंटचा जातो. केस पेपरवर त्याची नोंद "२.३० वाजता नाडी १२४" एवढीच राहते. फोन का झाला नाही, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

फोनवर तोंडी मिळालेल्या ऑर्डरींचंही तसंच. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' घाईत सारखेच ऐकू येतात. "सर, एक-पाच, पंधरा ना?" एवढं विचारलं की झालं. पण समोरचा खेकसणारा असेल तर हा प्रश्न घशातच राहतो, आणि मग शेजारच्या सिस्टरला विचारून अंदाज बांधला जातो. अंदाज कधीही नाही. परत विचारायचं, आकडा सुटा करून म्हणायचा, आणि "तुम्ही पंधरा सांगितलं, मी पंधरा देतेय" असं बोलून मगच भरायचं.

फोन करण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: पेशंट कोण आणि आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतंय, मला काय हवंय. ही पद्धत अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आली असं सांगतात, आणि ट्रेनिंगमध्ये तुम्ही ती एसबीएआर (SBAR) या इंग्रजी अक्षरांनी पाठ केली असेल. वॉर्डात ती अशी बोलायची:

"सर, फीमेल सर्जिकलमधून स्टाफ बोलतेय. बेड नंबर नऊ, आज संध्याकाळचं आतड्याचं ऑपरेशन. नाडी ९६ ची १२४ झालीय, दोन तासांत लघवी २० मिली, हातपाय गार आहेत, बीपी १०४/७०. मला आतून रक्तस्राव असल्याची शंका येतेय. तुम्ही येऊन बघा. तोवर काय सुरू करू?"

शेवटची दोन वाक्यं कधी गाळू नका. नवीन मुली आकडे सांगतात आणि गप्प बसतात. झोपेतल्या डॉक्टरला आकड्यांतून तुमची काळजी ऐकू येत नाही. कुणी आलं नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा फोन, मग त्यांच्या वरच्यांना. आणि प्रत्येक फोनची वेळ केस पेपरवर.

समोरासमोर अडवायची वेळ आली तर आवाज न चढवता तीन पायऱ्या आहेत. आधी "सर, मला काळजी वाटतेय." मग "मला हे बरोबर वाटत नाही." तरीही हात थांबले नाहीत तर "सर, यात पेशंटला धोका आहे, थांबूया." तिसरं वाक्य पहिल्यांदा म्हणताना कुणाचाही आवाज कापतो. कापला तरी म्हणा. इंग्लंडमध्ये २००५ साली एलेन ब्रोमिली नावाची तरुण आई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासाचा मार्ग मिळेना. सिस्टरने ट्रॅकिऑस्टॉमीचा (गळ्यातून श्वासाचा मार्ग उघडण्याचा) सेट आणून ठेवला, तयार आहे असं सांगितलंही. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचाच प्रयत्न करत राहिले. एलेन वाचली नाही. त्या खोलीत कुणी कुणाला शिव्या दिल्या नव्हत्या. जिथे खालच्याने ठासून बोलायची पद्धतच नसते, तिथे नुसतं कुणी उद्धट नसण्याने भागत नाही. तिचा नवरा मार्टिन वैमानिक होता. विमानात कनिष्ठाने अडवणं शिकवतात, इथे का नाही, असं विचारत त्याने नंतर त्याचंच काम उभं केलं.

एक फरक मात्र समजून घ्या. पेशंट कोलॅप्स झालाय आणि कुणी "सक्शन! आधी सक्शन!" म्हणून ओरडलं, तर तो उद्धटपणा नाही. तिथे 'प्लीज' शोधायला वेळ नसतो. माणसाचा पाणउतारा करणं वेगळं. "डोकं आहे का?", "कुठून येतात असले लोक?", किंवा काहीच न बोलता हातातली ट्रे आपटणं.

झापून घेतल्यावर लगेच औषधं भरायला बसू नका. पाणी प्या, दोन मिनिटं नर्सिंग स्टेशनच्या बाहेर या. मग शेजारच्या सिस्टरला सरळ सांगा, "मला आत्ता खूप बोलणी बसलीत, पुढचा तासभर माझे डोस तू बघ." यात कमीपणा नाही. आपली घसरण आपल्याला दिसत नाही हे ठाऊक असलेली माणसंच असं सांगतात. बघणाऱ्यांवरही हा परिणाम होतो, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीलाही विचारा, ठीक आहेस ना.

आणि हे सगळं डॉक्टरांकडूनच येतं असं नाही. आपणही वॉर्डात मदतीला असणाऱ्या मावशींशी, मामांशी, इंटर्नशी कसं बोलतो? बेडपॅन द्यायला, चादर बदलायला पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळा मावशी जातात. "आजोबा काल नातवाचं नाव घेत होते, आज मला ओळखेनात" हे पहिल्यांदा त्यांनाच दिसतं. "तुम्ही तुमचं काम बघा" असं एकदा ऐकलेल्या मावशी पुढच्या वेळी सांगायला येत नाहीत. माझ्या मते वॉर्डातली सगळ्यात महागडी चुप्पी हीच. नातेवाइकांनी शंका काढली तर त्यांनाही तोडू नका. आपल्या माणसाचा श्वास बदललाय हे कित्येकदा त्यांनाच आधी कळतं.

रोजची बोलणी एकीकडे आणि छळ दुसरीकडे, यांची गल्लत करू नका. जातीवरून टोमणे, अंगचटीला येणं, मुद्दाम लागोपाठ नाइट लावणं, शिकायला न देणं, यावर गोड बोलण्याचा उपाय नाही. तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेल्यांची नावं त्याच दिवशी घरच्या वहीत लिहा. लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असते. विद्यार्थी असाल तर रॅगिंगविरोधी समिती आहे, आणि यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. एकटीने जाऊ नका. मेट्रन ऑफिसला जाताना एखादी जुनी सिस्टर सोबत येते, मागून तर बघा.

पहिल्या महिन्यात एक काम नक्की करा: युनिटमधल्या प्रत्येकाचं नाव माहीत करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑपरेशनच्या तपासणी यादीत, चीर देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं, असा एक मुद्दा आहे. त्याचं कारण साधं आहे. ज्याने आधी एकदा तोंड उघडलंय, त्याला नंतर अडवायला सोपं जातं. वॉर्डात ही यादी नसते, पण ओव्हर असतो, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देणं-घेणं. ओव्हर घेताना शेवटी "अजून काही राहिलं का?" असं विचारून थांबा. लगेच उत्तर येत नाही. जाणाऱ्या स्टाफचा एक पाय दारात असतो. तरी क्षणभर थांबा, कारण "हो, नऊ नंबरची पेशंट मघापासून म्हणतेय की पोट दुखतंय" हे तेव्हाच कुणीतरी सांगतं.