मिरची, मका, कापूस : आधी किडीचे नाव, मग पंप

पावसाने दोन दिवस उघडीप दिली की खान्देशात फवारणीचे पंप बाहेर निघतात. नंदुरबारकडे मिरचीची पाने आकसलेली असतात, शिरपूरकडे मक्याचे पोंगे (मधली गुंडाळलेली कोवळी पाने) कातरलेले असतात, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) ठिबकवर लावलेल्या चोपडा-यावलच्या कापसात डोमकळ्या, म्हणजे गुलाबी अळीमुळे न उमललेली फुले, दिसू लागतात. दुकानात गेल्यावर 'काय मारू?' हे लगेच विचारले जाते. 'कीड कोणती?' हे मात्र बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

आता किडीच्या डीएनएवरून तिचे नाव बांधावरच सांगणाऱ्या चाचण्या आल्या आहेत. त्या चांगल्या आहेत, पण सगळीकडे लागत नाहीत. कापसाची कैरी फोडली आणि आत गुलाबी अळी दिसली, तर डीएनए कशाला? शेतातून फिरत २० हिरव्या कैऱ्या तोडा, फोडा. दोन किंवा जास्त अळ्या निघाल्या तर नुकसानीची पातळी ओलांडली. मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दररोज आठ पतंग आले तरी तोच अर्थ. मक्यातली मोठी लष्करी अळीही डोळ्यांनी ओळखू येते : डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके.

डोळे थकतात ते बारीक किडींपाशी. मक्याच्या पोंग्यातली अंड्यातून नुकती निघालेली लष्करी अळी कुठल्याही अळीसारखीच दिसते, आणि फवारा खरा लागू पडतो तो त्याच वयात. ही अळी देशात पहिल्यांदा सापडली ती मे २०१८ मध्ये, कर्नाटकात शिवमोग्याच्या मक्यात. तेव्हाही शरीराच्या खुणांबरोबर डीएनए तपासूनच खात्री केली गेली.

मिरचीचे दुखणे जास्त गुंतागुंतीचे. चुरडा-मुरडा, म्हणजे पाने आकसणे, हा एकच रोग नाही. पाने वर वाटीसारखी वळली तर फुलकिडे. खाली वळली तर कोळी. कोळ्याला आठ पाय, तो कीटकच नाही, त्याला कोळीनाशकच लागते. पाने बारीक, जाडसर होऊन गुच्छ झाला आणि झाड खुजे राहिले, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. दहापट भिंगाने इथवर पोहोचता येते. पुढे फुलकिड्यातही दोन जाती आहेत. आपला जुना पिवळसर फुलकिडा कोवळ्या पानावर असतो. दुसरा, थ्रिप्स पार्विस्पिनस, भारतात २०१५ मध्ये बंगळुरूला पपईवर आढळला आणि २०२१ मध्ये त्याने आंध्र-तेलंगणातली मिरची झोडपली. तो फुलात शिरतो, फुले गळतात. त्याची मादी काळपट, पण नर आणि पिल्ले पिवळीच, आणि अंगाने जेमतेम एक मिलिमीटर! पांढऱ्या माशीच्या जाती तर सूक्ष्मदर्शकाखालीही सारख्याच दिसतात, त्या डीएनएनेच वेगळ्या होतात. अशा ठिकाणी नमुना पाठवण्याचे कष्ट सार्थकी लागतात.

बांधावरच्या या डीएनए चाचणीचे नाव लॅम्प. २००० साली जपानमध्ये निघालेली ही पद्धत. पीसीआर या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या डीएनए चाचणीला तापमान सतत वरखाली करणारे यंत्र लागते. इथे ६० ते ६५ अंशांवर एकच स्थिर ऊब पुरते. किडीचा एक पाय चुरून द्रावणात टाकायचा, नळी अर्धा ते एक तास ऊबेत ठेवायची, रंग बदलला तर कीड तीच. सोबत दोन नळ्या हव्यातच : एक नाव पक्के माहीत असलेल्या त्याच किडीची, एक नुसत्या पाण्याची. पाण्याच्या नळीनेही रंग बदलला तर सगळा निकाल फेकून द्या. आणि निकालानंतर नळी उघडू नका. आतला डीएनए इतका वाढलेला असतो की त्याचा कण हवेत गेला तरी पुढच्या चाचण्या खोटे बोलू लागतात. म्हणून हे काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. त्यासाठी आधी कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

तुमच्या हाती आहे तो नमुना, आणि बहुतेक चाचण्या तिथेच फसतात. फवारणीपूर्वी, सकाळी, वेगवेगळ्या झाडांवरचे दहा-पंधरा कीटक घ्या. फुलकिड्यांसाठी फूल पांढऱ्या कागदावर झटका आणि ओल्या बारीक ब्रशने उचला. चिकट सापळ्यावरचे कीटक खरवडू नका, पाय तुटतात. दोन दिवस उन्हात वाळलेला मेलेला कीटकही नको. बाटलीत ९५ टक्क्यांवरचे इथेनॉल हवे, तेही कृषी विज्ञान केंद्रातून किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतून. औषध दुकानातल्या स्पिरिटचा भरवसा नाही, आणि पहिल्या धारेची दारू कितीही कडक असली तरी तिच्यात पाणी फार! फॉर्मेलिन तर अजिबात नको, ते डीएनए खराब करते. आम्ही एकदा अख्खी पेटी त्यात बुडवून वाया घालवली आहे. मोठ्या अळीच्या अंगातले पाणी इथेनॉल पातळ करते, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदला. बाटली मोटारसायकलच्या डिकीत उन्हात ठेवू नका.

निकाल नाव सांगतो, संख्या सांगत नाही, आणि कुठल्या औषधाला कीड दाद देईल हेही सांगत नाही. निकाल येईपर्यंत मक्याचे नुकसान ५ टक्के झाडांपर्यंत असेल तर ५ टक्के निंबोळी अर्कावर भागवा. निकाल आल्यावर त्या किडीसाठी, त्या पिकावर शिफारस असलेलेच औषध लेबल वाचून घ्या.

चिठ्ठी बाटलीच्या आत टाका : गाव, पीक, तारीख, झाडाचा कोणता भाग. आणि ती पेन्सिलीनेच लिहा, पेनाची शाई इथेनॉलमध्ये विरघळते.